सेन्सेई, तुमच्यामुळे घरी पाहुणे आले

आदरणीय सेन्सेई,
सा. न. वि. वि.

हे पत्र तुम्हांला वाचता येणार नाही. गुरुवारी तुमच्या जपानीच्या वर्गात त्यातलं जमेल तेवढं मी जपानीत सांगेनच. पण तोक्योत निशी-कासाईला आमची इतकी मराठी घरं, आणि त्यांतल्या बऱ्याच घरांत पाहुणे येतात तेही मराठीच. त्या सगळ्यांना तुमचं ऋण कळावं म्हणून मराठीत लिहितेय.

मुलीच्या मैत्रिणीच्या आईला मी आठ महिने 'कोंदो आसोबि नि किते कुदासाई' म्हणत होते. कोंदो म्हणजे पुढच्या वेळी, आपलं 'या एकदा'. (आसोबि नि म्हणजे खेळायला. चाळिशीच्या बाईलासुद्धा इथे खेळायलाच बोलावतात!) ती दर वेळी हसून 'झेही', जरूर, म्हणायची आणि यायची मात्र नाही. आमच्या घराला तिखटाचा वास येतो की काय, इथपर्यंत माझी मजल गेली होती.

तुम्ही एवढंच विचारलंत, "तारीख सांगितलीस?"

सांगलीत कोण तारीख सांगतं? तिथे 'या एकदा' म्हटलं की चार दिवसांनी माणूस दारात. तुम्ही म्हणालात, घर बदलल्यावर आम्ही जी कार्डं धाडतो त्यांवर 'जवळपास आलात तर जरूर डोकवा' असं छापलेलं असतं. ते वाचून कुणी डोकावत नाही. तुझं कोंदो त्यातलंच.

मग तुम्ही माझं वाक्य दुरुस्त केलंत. मी जुळवलं होतं 'किताई देस का', यायचंय का? तुमच्या भुवया वर गेल्या. समोरच्याची इच्छा अशी तोंडावर विचारू नये, 'किमासेन का' म्हणावं. म्हणजे शब्दशः 'येत नाही का?' हे मराठीत विचारलं तर वाद व्हायचा! जपानीत त्या नकारातच समोरच्याला सुटायला वाट ठेवलेली असते. आधी 'योकात्तारा', चालणार असेल तर. आणि उत्तरात नुसतं 'छोत्तो...' लांबवलं की समजायचं, जमत नाहीये. कारण विचारायचं नाही. हे शेवटचं मला अजून जड जातं. कारण कळल्याशिवाय आमच्याकडे कुणाला चैन पडतं का?

तुम्ही चिठ्ठीच लिहून दिलीत. रविवार, दोन ते चार. 'निगाते ना मोनो', म्हणजे न आवडणारं, न चालणारं काही आहे का, हे आधी विचार. 'तेबुरा दे', हात हलवत या, असंही सांग. तरी ती काहीतरी आणेलच.

आणलंच तिनं, मोचीचा, म्हणजे चिकट तांदळाच्या मिठाईचा, डबा. दारात 'ओजामाशिमास', तुम्हांला अडचण करते, म्हणत आत आली, वाकून बुटांची तोंडं दाराकडे फिरवून ठेवली. पुरणपोळीचा पहिला घास घेतला आणि म्हणाली, "अंको!" म्हणजे त्यांचं लाल चवळीसारख्या कडधान्याचं गोड पुरण. हरभऱ्याची डाळ असते हे समजावण्यात माझं निम्मं जपानी संपलं. पुढे गंमत झाली. पानात टाकायचं नाही म्हणून ती संपवत होती, आणि पान रिकामं दिसतंय म्हणून मी वाढत होते. तिसऱ्या पोळीला तुमची ताकीद आठवली, 'केक्को देस', पुरे, नको, एकदा ऐकलं की थांब. थांबले. आमच्या आजीनं माझी खरडपट्टी काढली असती.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या फाटकापाशी तिनं आधी कालच्या खाण्याचे आभार मानले, मग बाकीचं बोलली. जाताना तिला दिलेला माझा डबा आठवड्यानं परत आला तो संत्र्यांनी भरलेला. डबा रिकामा परत द्यायचा नाही, हे तिला कुणी शिकवलं असेल?

आणि इतकं शिकवणाऱ्या तुम्हांला मी अजून बोलावलेलंच नाही. तुम्हांला साधं 'किमासेन का' चालायचं नाही, गुरूंना त्याचं आदराचं रूप हवं, हेही पाठ आहे. तर येत्या रविवारी, दुपारी दोन ते चार. योकात्तारा, उचि नि इराश्शाइमासेन का? आमच्या घरी येणार नाही का? वांग्याचं भरीत करणार आहे. निगाते असेल तर आधी सांगा.

तुमची विद्यार्थिनी