कार्ड बदलून वर्गणी थांबत नाही

वर्गणीचे पैसे परस्पर कापले जात असतील तर कार्ड बंद करून नवे घ्या, हा आपल्या अंकातील लेखातला सल्ला अपुरा आहे. व्हिसा आणि मास्टरकार्डच्या, बदललेल्या कार्डाचा तपशील कंपन्यांना कळवणाऱ्या सेवेत सहभागी असलेल्या बँकेने नवे कार्ड दिले, की त्याचा क्रमांक वर्गणी घेणाऱ्या कंपनीपर्यंत आपोआप पोहोचू शकतो आणि कपात चालूच राहते. नुसते ॲप काढून टाकल्यानेही वर्गणी रद्द होत नाही. ती कंपनीकडील आपल्या खात्यात जाऊनच रद्द करावी, पुष्टीचा ईमेल जपून ठेवावा. तरीही पैसे गेले तर बँकेकडे लगेच हरकत नोंदवावी. तिला मुदत असते. मुळात नोंदणी एका क्लिकवर होत असताना रद्द करण्याचा पर्याय दडवून ठेवणे हा ग्राहकावर अन्याय आहे. तो नोंदणीइतकाच सोपा ठेवणे कंपन्यांना कायद्याने बंधनकारक करावे.

– एक वाचक