बर्मिंगहॅम की हंट्सव्हिल

अकोला
२२ फेब्रुवारी

चि. मुक्तास अनेक उत्तम आशीर्वाद.

अलाबामातल्या दोन नोकऱ्यांपैकी बर्मिंगहॅमची घ्यावी की हंट्सव्हिलची, हे विचारताना परवा फोनवर तू म्हणालीस, "बाबा, दोन्ही गावं तुम्ही बघितली आहेत, तुम्हीच सांगा." मी "कळवतो" म्हणून वेळ मारून नेली. आई शेजारी बसली होती आणि तिचं उत्तर तयार होतं. फोन ठेवल्यावर तिने ते मला दोनदा ऐकवलं: हंट्सव्हिल. तुझी मैत्रीण तिथे आहे, रस्ते चकाचक आहेत, पगार जास्त आहे, शाळा चांगल्या आहेत. (शाळा कुणासाठी, हे मी विचारलं नाही. तूही विचारू नकोस.) मुद्दे सगळे खरे आहेत. पण माझं मत वेगळं पडतंय, आणि तिघांच्या बोलण्यात ते पुरतं सांगून होत नाही, म्हणून कागद घेतला. लिहून झालं की फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतो; पोस्टाने येईपर्यंत तुझी मुदत संपून जायची.

मला शहरांतलं फार कळत नाही. तीस वर्षं कृषी खात्यात कापसावरच्या किडी मोजल्या, त्यामुळे कुठलंही गाव दिसलं की आधी माती बघतो आणि मग इथे पिकतं काय ते विचारतो. तुझ्याकडे टस्कलूसाला सहा महिने राहिलो तेव्हाही तेच केलं. डायरी काल काढून बसलो होतो.

हंट्सव्हिलचं पान ऑक्टोबरातलं आहे. शहर यायच्या आधी मोठ्या रस्त्याच्या कडेला कापूस फुटलेला दिसला आणि मी तुला गाडी थांबवायला सांगितली. तू म्हणालीस, इथे असं थांबता येत नाही. मग पुढच्या फाट्याला बाहेर काढलीस. झाडं कमरेएवढी, औषध मारून पानं गाळलेली, नुसती बोंडं. शेताच्या कडेला यंत्राने गुंडाळून पिवळ्या प्लास्टिकमध्ये बांधलेले मोठमोठे गोल गठ्ठे. एवढ्या रानात माणूस एकही नाही. आपल्याकडे पहिल्या वेचणीला सीतादहीची पूजा करतात, वेचणाऱ्या बायांचा आवाज दोन शेतं पलीकडे जातो. मी एक बोंड तोडून खिशात घातलं, ते अजून माझ्या टेबलावर आहे. आणि तिथून थोडं पुढे गेलो तर झाडांच्या वर रॉकेट उभं! तो नमुना होता. खरं सॅटर्न-५ आत संग्रहालयात आडवं ठेवलेलं, ११० मीटर लांब. त्याच्या पाच इंजिनांखाली उभी राहून आई म्हणाली, "आपला वाडा मावेल की यात."

आता हे गाव पिकवतं काय ते बघ. १९५० पर्यंत कापूस आणि कापडाच्या गिरण्या. त्या साली सैन्याने रॉकेटतज्ज्ञ वेर्नर फॉन ब्राउन आणि त्याची जर्मन माणसं तिथे आणली, १९६० मध्ये नासाचं मार्शल केंद्र झालं, आणि चंद्रावर माणूस नेणारं रॉकेट तिथे घडलं. (याच माणसाच्या व्ही-२ रॉकेटांसाठी छळछावणीतले कैदी राबून मेले. गावातल्या मोठ्या सभागृहाला त्याचं नाव आहे. मला ते नाव घशाखाली उतरत नाही, पण तो माझा प्रश्न.) कापूस गेला आणि रॉकेट आलं, म्हणजे पीक बदललं, पण गाव एकाच पिकावर राहिलं. सरकारी पैसा, सैन्य, क्षेपणास्त्रं. चंद्राच्या मोहिमा संपल्या तेव्हा १९७०च्या दशकात तिथे लोकांच्या नोकऱ्या गेल्या होत्याच. आज गाव जोरात आहे, २०२० च्या जनगणनेत बर्मिंगहॅमला मागे टाकून राज्यात पहिलं आलं. २ लाख १५ हजार विरुद्ध २ लाख. पण त्या गावातल्या कितीतरी नोकऱ्या अमेरिकन नागरिकांनाच मिळतात. तुझी कंपनी औषधांची आहे, तुला घेतेय, ठीक. उद्या ती बंद पडली तर त्याच गावात दुसरं दार ठोठावायला जाशील तेव्हा निम्मी दारं आपल्या पासपोर्टाला आतून कडी लावलेली असतील. जास्तीच्या पगारात हे कुणी धरलेलं नाही.

मोबीलचा पर्याय तू स्वतःच खोडलास, बरं झालं. गाव देखणं आहे, फ्रेंचांनी १७०२ साली वसवलेलं, पण अकोल्याच्या दुप्पट पाऊस आणि वर चक्रीवादळं. मार्दी ग्राच्या दिवसांत एकदा जाऊन ये. न्यू ऑर्लिन्सच्या आधीपासून आमचा सण, असं तिथली मंडळी ठासून सांगतात.

तुला टस्कीगीची सहल आठवते? सातवीत वक्तृत्वात तुला कृषिशास्त्रज्ञ कार्व्हरचं चरित्र बक्षीस मिळालं होतं, ते तू उशाशी घेऊन झोपायचीस. आपल्याकडे वाचणाऱ्या घरांत कार्व्हर म्हणजे घरचाच माणूस. तुझ्या प्रयोगशाळेतल्या त्या उंच पोराला मात्र एवढंच माहीत होतं की त्याने पीनट बटर शोधलं, आणि तेही खरं नाही. १८९६ मध्ये तो टस्कीगीची शिक्षणसंस्था उभारणाऱ्या बुकर टी. वॉशिंग्टनच्या बोलावण्यावरून आला आणि १९४३ मध्ये मरेपर्यंत तिथेच राहिला. त्याचं संग्रहालय जुन्या धोबीखान्याच्या इमारतीत. मुलांनी स्वतः भाजलेल्या विटांच्या त्या इमारती. थडगं वॉशिंग्टनच्या शेजारी. तू तिथे बराच वेळ गप्प उभी होतीस आणि मी मुद्दाम लांब राहिलो.

दुसऱ्या दिवशी मी तुला दक्षिणेला एंटरप्राइजला न्यायला लावलं. "किड्याचा पुतळा बघायला एवढं लांब?" म्हणून तू हसलीस. पण माझ्या नोकरीचं सार्थक त्या चौकात झालं. एक बाई दोन्ही हात उंच करून डोक्यावर कीड धरून उभी आहे! कापसाचा सोंडकिडा. आपल्याकडे तो नाही, आपली बोंडअळी वेगळी. या किडीने तिथला कापूस साफ केला, शेतकरी नाइलाजाने भुईमुगाकडे वळले, त्यात पैसा झाला, आणि १९१९ मध्ये गावाने किडीचेच आभार मानून पुतळा उभारला. आधी नुसती बाई होती, किडा तिच्या हातात पुढे १९४९ मध्ये आला. आपल्याकडे २०१७ साली गुलाबी बोंडअळीने बोंडं आतून पोखरली, मी पंचनामे करत हिंडलो, आणि पुढच्या हंगामात त्याच शेतांत पुन्हा कापूस. शेतकऱ्याला दोष देत नाहीये. पीक बदलायला पाणी लागतं, भाव लागतो, कुणीतरी पाठीशी उभं लागतं. म्हणून जे गाव पीक बदलून दाखवतं त्याच्याबद्दल मला आदर वाटतो.

तर बर्मिंगहॅम. १८७१ मध्ये दोन रेल्वेमार्ग जिथे मिळत होते तिथे वसवलेलं गाव. लोहखनिज, कोळसा आणि चुनखडी, लोखंडाला लागणारं सगळं एकाच ठिकाणी. गाव इतक्या झपाट्याने वाढलं की त्याला जादूचं शहर म्हणायला लागले. स्लॉसच्या भट्ट्या १८८२ ते १९७१ चालल्या. आता थंड पडलेल्या त्या भट्ट्यांमधून आपण हिंडलो, आईच्या पांढऱ्या ओढणीला गंज लागला तो अजून गेलेला नाही. डोंगरावर व्हल्कनचा, म्हणजे रोमन लोकांच्या लोहार देवाचा, ओतीव लोखंडाचा पुतळा, ५६ फुटी, पुढून लोहाराचा एप्रन आणि मागून उघडा. ती मागची बाजू होमवुडकडे आहे. आईने फोटो फक्त पुढून काढला.

लोखंड गेलं आणि त्या जागी काय आलं? हॉस्पिटल आणि विद्यापीठ. आज सगळ्या राज्यात सर्वांत जास्त माणसं कामाला लावणारी संस्था तीच आहे आणि तुला बोलावणारी प्रयोगशाळाही त्यांचीच. तू म्हणशील, हेही एकच पीक. खरं आहे, पण आजारपणाला दुष्काळ पडत नाही. शिवाय तूच मला मागे समजावलं होतंस की विद्यापीठांना एच-वन बी या नोकरीच्या व्हिसासाठी लॉटरीत उतरावं लागत नाही, कोट्याबाहेर अर्ज करता येतो. कंपनीत दर मार्चला चिठ्ठी निघायची वाट बघत बसशील. ती वाट आम्ही इथे बसून बघणार, हेही लक्षात घे. माझा रक्तदाब तू मोजतेसच.

त्या गावाचं दुसरं अंगही आपण पाहिलं. सोळाव्या रस्त्यावरच्या चर्चसमोरच्या बागेत पायवाटेच्या दोन्ही बाजूंनी लोखंडी कुत्रे अंगावर झेपावतात, त्यांच्यामधून चालावं लागतं. पुतळे आहेत हे माहीत असून मी हात आखडून घेतले. १९६३ मध्ये याच बागेत निदर्शनाला आलेल्या काळ्या मुलांवर पोलिसांनी कुत्रे सोडले होते, आणि त्याच वर्षी १५ सप्टेंबरला रविवारी सकाळी चर्चमध्ये बॉम्ब फुटून चार मुली गेल्या. तिघी चौदा वर्षांच्या, एक अकराची. आई बाकावर बसली आणि उठायलाच तयार नव्हती. माँटगोमेरीला लोखंडाचे आठशे खांब टांगलेलं ते स्मारक बघतानाही ती अर्ध्यातून बाहेर आली होती. जमीन खाली उतरत जाते आणि खांब डोक्यावर चढत जातात, प्रत्येकावर जमावाने मारलेल्यांची नावं. मला वाटतं, ज्या गावाने आपलं पाप चौकात मांडून ठेवलंय तिथे परक्या माणसाने राहायला हरकत नाही. निदान कुणी काय केलं ते विचारावं लागत नाही.

पण गाव पुरतं सावरलंय असं मी म्हणणार नाही. १९६० मध्ये तिथे ३ लाख ४० हजार माणसं होती. गोरे आणि पैसेवाले डोंगरापलीकडे गेले, होमवुड, माउंटन ब्रुक, व्हेस्टेव्हिया, आणि गाव अलीकडे उरलं. गोळीबाराच्या बातम्या येतात, मला माहीत आहे. मी त्या आईला वाचून दाखवत नाही. रात्री उशिरा प्रयोगशाळेतून निघशील तेव्हा एकटी चालू नकोस, कुणाला तरी सोबत घे.

तरीही घर डोंगराच्या अलीकडेच बघ. टस्कलूसाला मी रोज सकाळी फिरायला निघायचो आणि पदपथ दोनशे पावलांत संपायचा. एकदा एक गृहस्थ गाडी थांबवून विचारते झाले, "सगळं ठीक आहे ना? सोडू का कुठे?" भला माणूस होता, पण त्यांना पायी चालणारा म्हातारा म्हणजे हरवलेलाच वाटला. गाडी येत नसेल तर त्या राज्यात माणूस घरात कोंडला जातो. बर्मिंगहॅमला रुळांच्या कडेच्या त्या १९ एकरांच्या बागेत मात्र आपण तासभर चाललो, बाकावर बसून मालगाडीचे डबे मोजले, तिथून हॉस्पिटलही पायी गाठलं. डायरीत मी लिहिलंय, "इथे पाय चालतात." तू कामावर पायी जाऊ शकशील, हे मला पगारातल्या फरकापेक्षा मोठं वाटतं.

"तुम्ही याल तेव्हा" हे वाक्य तू प्रत्येक गोष्टीत घालतेस, ते यातून काढून टाक. आई-बाबा आले तर त्यांना गप्पा मारायला मराठी शेजार हवा, देऊळ जवळ हवं, म्हणून डोंगरापलीकडे तीन खोल्यांचं घर नको घेऊस. आम्ही पाच वर्षांतून सहा महिने येणार. तू रोज राहणार. माझं कसंही भागतं: मक्याच्या कण्या मिळतात, त्यांना ते ग्रिट्स म्हणतात, आईने त्यात ताक आणि मिरची घातली की आपल्या ज्वारीच्या कण्यांची चव येते, रस्त्याच्या कडेला उकडलेल्या शेंगाही मिळतात. कुडझूचा वेल झाडांवर चढलेला दिसला की गाजरगवत आठवतं आणि घरच्यासारखं वाटतं. तो वेल सरकारनेच धूप थांबवायला वाटला होता म्हणे.

घर बघायला जाशील तेव्हा एक नक्की बघ. डिसेंबरातली ती रात्र आठव, फोन एकदम किंचाळले, बाहेर भोंगा सुरू झाला, आणि आपण तिघं गाद्या घेऊन न्हाणीघरात बसलो. आईच्या मांडीवर देवांचा डबा, माझ्या डोक्यावर तुझं सायकलचं हेल्मेट. चाळीस मिनिटं. काही झालं नाही, टॉर्नेडोची वावटळ उत्तरेकडून गेली. पण २०११ च्या एप्रिलमध्ये त्याच गावातून ती कशी गेली होती ते तू मला नंतर दाखवलंस, आधी दाखवलं नाहीस हे चांगलं केलंस. बर्मिंगहॅमही त्याच पट्ट्यात आहे. तेव्हा तळमजला बघ, आणि न्हाणीघर घराच्या मध्यभागी, खिडकी नसलेलं. दलाल म्हणेल, हवेशीर नाही. म्हणू दे.

तुझे
बाबा