कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या आप्पांना, नळ्यांबद्दल

आप्पा, सा. न. वि. वि.

हे पत्र खरं तर शेडमध्ये येऊन हातात द्यायचं. पण तुमच्या कामाची गोष्ट आणखी चार लोकांनी वाचावी असं वाटलं, म्हणून उघडंच लिहिते. नातू वाचून दाखवेलच.

शोधनिबंधाच्या शेवटी आभार मानायची एक रीत असते. त्यात निधी देणारे येतात, परवानगी देणारं खातं येतं, प्रयोगशाळा येते. लेथवर उभा राहणारा माणूस क्वचितच येतो. आमच्या निबंधात तुम्ही असाल, ते मी बघेन. पण तो छापून यायला अवकाश आहे, आणि आला तरी इंग्रजीत असणार.

थरच्या वाळवंटात आम्ही नेमकं काय करतो हे तुम्ही पहिल्याच दिवशी विचारलं होतं, आणि मी घाईत ‘वाळूचं वय काढतो’ एवढंच म्हणाले होते. आता नीट सांगते. दगडी हत्यार सापडलं तर त्यावर साल कोरलेलं नसतं. ज्या थरात ते गाडलं गेलं, त्या थरातल्या वाळूने शेवटचं ऊन कधी पाहिलं ते शोधावं लागतं. क्वार्ट्झचा कण जमिनीखाली गेला की भोवतीच्या मातीतल्या नैसर्गिक किरणोत्सर्गाची ऊर्जा थोडी थोडी साठवत बसतो, मोबाईल चार्जिंगला लावल्यासारखा. उन्हात आला की सगळं चार्जिंग उतरतं. प्रयोगशाळेत मंद लाल उजेडात हे कण वेगळे करतात, त्यांच्यावर निळा किंवा हिरवा प्रकाश सोडतात आणि कणांतून निघणारा मिणमिणता उजेड मोजतात. साठलेल्या ऊर्जेला दरवर्षी मिळणाऱ्या ऊर्जेने भागलं की वर्षं मिळतात. आपल्याकडे ही वाट तशी जुनी आहे. राजस्थानच्या टेकड्यांतल्या वाळूचं वय तापवून काढल्याचा अहवाल अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी १९८२ सालीच छापला होता. तापवण्याऐवजी प्रकाश वापरायची युक्ती १९८५ची.

म्हणजे नमुना काढताना वाळूला ऊन लागता कामा नये. खड्ड्याच्या उभ्या भिंतीत लोखंडी नळी ठोकायची आणि दोन्ही तोंडं बंद करून ती तशीच बाहेर काढायची. ऐकायला सोपं वाटतं. आधीच्या नळ्यांची तोंडं कंकराचे, म्हणजे चुनखडीच्या गाठींचे, खडे लागले की दुमडायची आणि मागच्या कडा हातोड्याने फुलून यायच्या. तसली एक दुमडलेली नळी घेऊनच मी तुमच्याकडे आले होते.

दुसरा कुणी असता तर मापं घेऊन ‘शनिवारी या’ म्हणाला असता. तुम्ही नळीत बोट घातलं, आतून फिरवलं आणि म्हणालात, “ही वेल्डची हाय. आत रेघ लागतीया. वाळू सरळ कशी शिरंल? सीमलेस घ्या.” मग धार. आम्ही आजवर तोंडाला आतून उतार देत होतो. तुम्ही तो बाहेरून दिलात, म्हणजे नळी शिरताना बाहेरची वाळू बाजूला सरते आणि आतली आहे तशी राहते. चकात धरलेला पाईप फिरतोय, टूलखालून निळसर कीस निघतोय आणि तुम्ही मधेच लेथ थांबवून अंगठ्याच्या नखाने कड तपासताय, हे मी स्टुलावर बसून बघत होते. मागच्या टोकाला ठोकायला वेगळी जाड टोपी केलीत, फुलली तर टोपी फुलेल, नळी नाही. आणि मी न सांगता प्रत्येक नळीवर पंचाने नंबर आणि बाण मारलात. “आतलं तोंड कुठलं, भायेरचं कुठलं, ते तिथल्या पोराला कसं कळायचं? चिकटपट्टीवर लिवलेलं पुसतंय.”

हा बाण किती मोलाचा आहे ते प्रयोगशाळेतल्या मुलीने फोनवर सांगितलं. नळीच्या दोन्ही टोकांची वाळू वयासाठी चालत नाही, तिला उजेड लागलेला असू शकतो. मधलीच घ्यायची असते. कोणतं टोक भिंतीत होतं हे लोखंडावरच असल्यामुळे वहीतल्या नोंदी पडताळायला सोपं गेलं.

(बिलावर तुम्ही ‘वाळू काढायच्या नळ्या’ लिहिलंत. त्यावर हिशेबाच्या टेबलावरून विचारणा झाली की हा वाळू उपशाचा प्रकार आहे का. पंचगंगेकाठच्या माणसाला ही शंका यावी यात नवल नाही. पैसे मंजूर झाले.)

वाळूची पारख तुम्हाला आमच्याइतकीच आहे, किंबहुना जास्त. ओतकामाचे साचे वाळूने भरण्यात तुमची उमर गेली. कासार्डे-फोंड्याकडून येणारी सिलिका वाळू म्हणजे तेच क्वार्ट्झ, ज्याच्यामागे आम्ही राजस्थानात जातो. परत आल्यावर मी सुट्या वाळूच्या दोन पुड्या तुमच्यासमोर ठेवल्या, एक पिवळट, एक तांबूस. तुम्ही भिंग काढलंत. पिवळटीबद्दल म्हणालात, “लई गोल दाणा. वाऱ्यानं घासलाय.” मग दोन्हींवर पाण्याचे थेंब टाकून एकेक मूठ वळलीत. पिवळट भुरभुरून खाली आली. तांबूस वाळूचा गोळा तसाच राहिला, वर तुमच्या चारी बोटांचे ठसे. “ह्यात चिकटा हाय. ही नुसती वाळू न्हवं, माती झालीया हिची.”

आप्पा, आमच्या कामाचं सार तुम्ही त्या मुठीत सांगितलंत. पाऊस वाढला की वाळूच्या टेकडीवर गवत-झुडपं धरतात, ती धूळ अडवतात, थर तांबूस होतो, खाली चुनखडीच्या गाठी बनतात. पुन्हा वारा जोर धरतो आणि वर नवी वाळू येते. राजस्थानातल्या डिडवान्याजवळ ‘१६ आर’ नावाच्या टेकडीत डेक्कन कॉलेजच्या वि. ना. मिश्र आणि शरद राजगुरू यांच्या चमूने खोल खड्डा घेतला, तेव्हा असे थर एकाखाली एक निघाले आणि त्यांत दगडी हत्यारं निघाली. टेकडी वाढत होती आणि माणसं त्या जागी पुन्हा पुन्हा येत होती.

“वाळवंटात मरायला कोण जाईल?” असं तुम्ही विचारलं होतं. माणसं गेली तेव्हा तिथे पाणी होतं. बिकानेरजवळ नाल इथल्या खाणीत नदीने आणलेली वाळू आणि गोटे आहेत. त्यांचं वय याच पद्धतीने काढलं, तर १ लाख ७२ हजार वर्षांपूर्वीपासून सुमारे २६ हजार वर्षांपूर्वीपर्यंत तिथे नदी वाहत असल्याचे पुरावे मिळाले. आज तिथे बारमाही नदी नाही. डिडवान्याजवळच सिंगी तलाव म्हणून जागा आहे. तिथे हातकुऱ्हाडी वापरणारी माणसं तळ्याकाठी राहायची. त्या हत्यारांबरोबर क्वार्ट्झचे काही छोटे स्फटिक मिळाले, हत्यार करता येणार नाही इतके छोटे. कुणीतरी उचलून आणले होते, बहुधा नुसते छान दिसतात म्हणून.

आणि एक गंमत. आपल्याला वाटतं, जितकं कोरडं तितक्या टेकड्या जास्त. थरच्या वाळवंटात तसं दिसत नाही. वीसेक हजार वर्षांपूर्वी, हिमयुग भरात असताना, मोसमी वारेच मंद होते, त्यामुळे वाळू फारशी हलली नाही. पुढे मोसमी वारे पुन्हा जोर धरू लागले, पण गवत अजून पुरतं रुजलं नव्हतं, त्या मधल्या काळात टेकड्या भराभर वाढल्या. तशीच बिकानेरकडच्या लूणकरणसरच्या तळ्याची गोष्ट. १९९९ साली छापलेल्या अभ्यासानुसार ते तळं सिंधूकाठची नगरं भरभराटीला येण्याच्या कितीतरी आधी आटलं होतं. तळी आटली म्हणून नगरं बुडाली, असं कुणी छातीठोक सांगायला लागलं की मला हे तळं आठवतं. पर्यावरण बदललं की माणसं संपतात, असा सरळ हिशेब मला तरी पटत नाही.

“आपल्या गावात काय न्हाई का?” हाही तुमचाच प्रश्न. आहे की! ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४५-४६ साली ह. धी. सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी उत्खनन केलं. थरच्या वाळवंटात राबलेले मिश्र हे सांकलियांचेच विद्यार्थी. ब्रह्मपुरीला मिळालेली रोमन समुद्रदेवाची ब्राँझची मूर्ती टाऊन हॉलच्या संग्रहालयात आहे. आपण ती बघायला गेलो तेव्हा मी सातवाहनांचा काळ आणि समुद्रापलीकडचा व्यापार सांगत होते. तुमचं लक्ष मूर्तीच्या दंडाकडे. काचेला नाक लावून म्हणालात, “ओतलेली हाय. कारागीर तयारीचा.” माझ्या व्याख्यानापेक्षा ते बरं होतं.

आमच्या नमुन्यांचे आकडे यायला अजून काही महिने जातील. आले की मी स्वतः येऊन सांगेन, बरे असोत की वाईट. यंदा एका जागी भिंत जास्त भुसभुशीत आहे, तिथे थोड्या लांब नळ्या लागतील आणि तोंडाला आणखी बारीक धार. दिवाळी झाली की निघायचं आहे. खंडेनवमीला लेथची पूजा असते, त्या दिवशी तुम्ही मशीनला हात लावत नाही हे ठाऊक आहे, म्हणून मी घट बसायच्या आधीच पाईप घेऊन येते. सीमलेसच आणेन. या खेपेला बिलावर ‘नमुना नळ्या’ लिहा म्हणजे झालं.

आपली,
वाळूवाली