पावसाळ्यातल्या हप्त्याचं विचारणाऱ्या काकाजींना

आदरणीय काकाजी,

सप्रेम नमस्कार.

माझ्या डाळ मिलच्या कर्जखात्यात सरकारी सबसिडीची रक्कम वळती झाली, हे मी तुम्हाला फोनवर सांगितलं, तर "बरं झालं" एवढंच म्हणून तुम्ही पेरणीपाण्याचं विचारू लागलात. तुमचे आभार मानायला तुम्ही कधी जागाच ठेवत नाही. म्हणून हे पत्र चारचौघांना वाचता येईल असं लिहिते आहे. दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावात डाळ मिल चालते आहे ती तुमच्यामुळे, आणि हे सगळ्यांना कळावं असं मला मनापासून वाटतं.

घरची तूर बाजार समितीत विकायची आणि वर्षभराची डाळ दुकानातून विकत आणायची, हे आमच्याकडे पिढ्यान् पिढ्या चालत आलेलं. अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची मिनी डाळ मिल पाहिली तेव्हापासून आपणही हे करावं असं माझ्या मनानं घेतलं. नवा उद्योग उभारायला बँकेचं कर्ज आणि त्यावर सबसिडी मिळते त्या पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमाचं नाव गावात बहुतेकांना माहीत होतं, पण माहीत म्हणजे काय, तर '35 टक्के माफ'. एक जण तर कमिशन द्या, सबसिडी हातात आणून देतो, असं सांगत दारात येऊन बसला होता. तुम्ही तेव्हा बँकेतून निवृत्त होऊन गावी आला होतात. सासऱ्यांच्या एका शब्दावर तुम्ही माझी फाईल हातात घेतलीत.

माझा प्रकल्प 8 लाखांचा. ग्रामीण भागातली महिला म्हणून स्वतःचा वाटा 5 टक्के, म्हणजे 40 हजार. बाकीचे 7 लाख 60 हजार बँकेचे. सबसिडी प्रकल्पाच्या 35 टक्के, म्हणजे 2 लाख 80 हजार. पण हा पैसा 3 वर्षं बँकेतच अडकून राहतो, हे मला पहिल्यांदा तुम्ही सांगितलंत. त्यावर आपल्याला व्याज मिळत नाही आणि तेवढ्या कर्जावर बँकही व्याज लावत नाही. 3 वर्षांनंतर युनिट खरंच चालू आहे का याची तपासणी होते आणि मगच ती रक्कम कर्जात जमा धरतात. "पोरी, सबसिडी तुले दिसन, पण हाती येनार नाही. तिच्याविना हप्ता बसते का, ते पाय."

मग तुम्ही वहीचं एक पान उभं आखलंत. बारा महिने एकाखाली एक. जानेवारीत तूर निघते, मेपर्यंत मिल जोरात. तुरीला तेल-पाणी लावून उन्हात वाळवावं लागतं, तेव्हा कुठे ती नीट फुटते. जून लागला की ऊन गेलं आणि वाळवणही थांबलं. त्या चार महिन्यांपुढे तुम्ही नुसती रेघ ओढलीत आणि विचारलंत, "पावसाळ्यात हप्ता कुठून भरशीन?" माझ्या प्रकल्प अहवालात बाराही महिने सारखीच कमाई दाखवलेली होती. अहवाल टाइप करून देणाऱ्याने ती तशीच टाकली होती, आणि कुठल्याही टेबलावर कोणाच्या ते लक्षात आलं नव्हतं.

त्या एका प्रश्नावर आम्ही सगळा हिशेब नव्याने मांडला. उन्हाळ्यातल्या कमाईतून पावसाळ्याचे हप्ते आधीच बाजूला काढायचे. लोकांची तूर मजुरीवर भरडून द्यायची, म्हणजे माल विकत घेण्यात पैसा अडकत नाही. भरडताना निघणारी चुनी, म्हणजे डाळीचा चुरा, गाईम्हशीवाल्यांना विकायची. सुरुवातीचे काही महिने हप्ता न भरण्याची सवलत बँकेकडून मागून घ्यायची, म्हणजे पहिला हप्ता हंगामात येतो. घरात रस्त्यालगतचा प्लॉट घ्यायची चर्चा होती, तेव्हा जमिनीची किंमत या योजनेत धरतच नाहीत, शेड आणि मशिनरी धरतात, हे तुम्ही सासऱ्यांना समजावलंत. शेड घरामागच्या जागेतच उभी राहिली, आणि मला वाटतं, त्यामुळेच आम्ही तरलो.

एका शाखेत सातबारा गहाण मागितला तेव्हाही तुम्हीच सोबत आलात. 10 लाखांच्या आतल्या अशा कर्जाला तारण मागायचं नाही, ही रिझर्व्ह बँकेची सूचना तुम्ही शांतपणे त्यांच्यापुढे ठेवलीत. कर्ज शेवटी दुसऱ्या बँकेने दिलं, सरकारी हमी योजनेखाली. परतताना एसटीत तुम्ही जे सांगितलंत ते मी अजून प्रत्येकाला सांगते: ही हमी बँकेला आहे, आपल्याला नाही. कर्ज बुडालं तर ही हमी देणारा ट्रस्ट बँकेचं बरंचसं नुकसान भरून देतो, पण वसुली आपल्याच दारात येते. सरकारचा पैसा आहे, बुडाला तर बुडाला, असं म्हणणारे आमच्याकडे काही कमी नाहीत. त्यांच्या नादी लागून किती घरांची पत गेली, ते तुम्ही बँकेत असताना पाहिलंत आणि आम्ही शेजारी राहून पाहिलं.

दुसऱ्या वर्षी तुरीचे भाव चढले आणि माल घेताना हात आखडला. तेव्हा मजुरीच्या भरडाईनेच हप्ते निघाले. एकही थकला नाही.

या सगळ्याचा तुम्ही एक रुपया घेतला नाहीत. दिवाळीला डाळ पाठवली तर तिचेही पैसे पाठवलेत. ते मी घेतले, कारण तुमच्याशी वाद घालणं मला जमत नाही, पण मनाला लागलं. यंदा तसं करू नका.

आता एक विनंती. आमच्या बचत गटातल्या एका ताईंचं मिरची कांडप आधीपासून चालू आहे. रोजगार निर्मितीच्या योजनेतलं पहिलं कर्ज नव्या उद्योगालाच मिळतं, म्हणून त्यांनी सूक्ष्म अन्न प्रक्रिया योजनेचा अर्ज भरायला घेतला आहे. त्यांच्याही अहवालात बारा महिने सारखीच कमाई लिहून आली आहे. तुम्ही नागपूरहून गावी याल तेव्हा त्यांना तासभर द्याल का? वही त्या घेऊन येतील.

तुमची,
डाळ मिलवाली सूनबाई