पाणी जाणार कुठे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला, कपडे वाळवणाऱ्या ड्रायरची थोरवी गाणारा लेख वाचला. तेव्हाच कागद पुढे ओढला होता, पण घरचे म्हणाले, एक रात्र जाऊ द्या, राग शांत होईल. रात्र गेली. राग आहे तिथेच आहे, म्हणून हे पत्र.

लेखकाचे (की लेखिकेचे? नाव छापलेले नाही, तेव्हा अंदाजाने लिहितो) म्हणणे असे की गॅलरीत लोंबणाऱ्या कपड्यांनी इमारतीची शोभा जाते, दोरीवरच्या कपड्यांना कुबट वास येतो, टॉवेल पुठ्ठ्यासारखे होतात आणि ड्रायर आला की 'गृहिणीची सुटका' होते. शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करतो. आमच्या घरी कपडे मी वाळत घालतो. मला मिशा आहेत. माझ्या सुटकेबद्दल लेखात अवाक्षर नाही.

आता शोभेबद्दल. हा शब्द वाचूनच माझे डोके फिरले, कारण याच शब्दाने आमच्या इमारतीच्या समितीने माझा छळ मांडला आहे. जिन्याजवळच्या फळ्यावर सूचना लागली: इमारतीच्या शोभेस बाधा येत असल्याने दर्शनी गॅलरीत कपडे वाळत घालू नयेत. आमच्या घराला गॅलरी एकच आणि ती दर्शनी बाजूला. हा काही माझा अपराध नाही, नकाशा मी काढला नव्हता. तरी भांडण नको म्हणून दोरी सोडली, घडीचा स्टँड आणला आणि आतल्या खोलीत कपडे वाळवू लागलो. पुढे कपाटामागच्या भिंतीवर काळे ठिपके दिसू लागले. बुरशी. समितीच्या सचिवांना बोलावले, म्हटले भिंत बाहेरून झिरपत असावी, एकदा बघून घ्या. सचिव आले. भिंतीकडे पाहिले, मग स्टँडकडे पाहिले आणि म्हणाले, "अहो काका, तुम्ही घरात कपडे वाळवता. दुसरे काय होणार?"

म्हटले, मग वाळवू कुठे? बाहेर तुम्ही घालू देत नाही.

"ड्रायर घ्या ना!"

बरे, घेतो. पण साध्या ड्रायरला आतली गरम, दमट हवा बाहेर टाकायला चार इंची नळी लागते. ती भिंतीला भोक पाडून बाहेर काढायची तर आमच्याकडे बाहेर म्हणजे दर्शनी बाजूच. चालेल? सचिवांनी घड्याळ पाहिले, "समितीपुढे विषय ठेवतो" म्हणाले आणि गेले. विषय अजून समितीपुढे जायचा आहे. ठिपके मात्र कपाटाच्या बाजूने डोकावू लागले आहेत.

संपादक महाशय, कपडे ओले आहेत म्हणजे त्यांत पाणी आहे आणि ते कुठेतरी जाणारच, एवढी साधी गोष्ट ना समितीच्या लक्षात येते, ना आपल्या लेखकाच्या. पाच किलो सुती कपडे मशीनने मिनिटाला १००० फेऱ्यांनी पिळून दिले, तरी त्यांत साधारण तीन लिटर पाणी उरते. गॅलरीत वाळवले तर ते वाऱ्याबरोबर जाते. बंद खोलीत वाळवले तर ते खोलीच्या हवेत येते आणि सगळ्यांत थंड भिंत गाठून तिच्यावर बसते. तेव्हा सचिवांचे निदान बरोबरच होते. फक्त रोग त्यांच्या सूचनेने दिला होता.

ड्रायरही जादू करत नाही. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे ०.७ युनिट ऊर्जा लागते. दोरीवर ती ऊन आणि वारा पुरवतात, आणि त्यांचे बिल येत नाही. साध्या ड्रायरमध्ये ती विजेतून घ्यावी लागते. म्हणजे तीन लिटरला दोन युनिट झाली, शिवाय पिंप फिरवणे, पंखा आणि वाया जाणारी उष्णता निराळी. हीट पंपवाले नवे ड्रायर वाफेतली उष्णता पकडून पुन्हा वापरतात आणि निम्म्याच्या आसपास विजेत काम भागवतात. ते यंत्र हुशारीने केलेले आहे, खोटे कशाला बोलू. पण तापवून पाणी उडवण्यापेक्षा पिळून काढणे केव्हाही स्वस्त. त्याच कपड्यांना १४०० फेऱ्यांनी पिळले की साधारण अर्धा लिटर पाणी दोरीवर जाण्याआधीच नाहीसे होते. ड्रायर घ्या, अमका घ्या, तमका घ्या असे पानभर सांगणाऱ्या लेखात पिळण्याबद्दल एक ओळ असू नये?

टॉवेलचे म्हणणे खरे आहे, वाऱ्याविना वाळलेला सुती टॉवेल कडक होतो. पण त्याचा दोष दोरीला देऊन मोकळे होण्याआधी थोडे वाचायचे होते. जपानमधल्या होक्काइदो विद्यापीठातल्या आणि काओ कंपनीतल्या संशोधकांनी २०२० मध्ये दाखवले की सुताच्या तंतूंवर चिकटून राहिलेले अगदी थोडे पाणी तंतूंना एकमेकांशी बांधून ठेवते, त्यातून हा कडकपणा येतो. ड्रायरमध्ये कपडे सतत उलथेपालथे होतात, म्हणून तंतू जुळून बसत नाहीत. तेच काम मनगटाने होते. टॉवेल घालताना दोन टोके धरून सणसणीत झटकायचा, काढताना पुन्हा झटकायचा आणि हाताने चोळून घडी घालायची. ड्रायरइतका मऊ होणार नाही, पण अंग पुसायला पुरेसा होतो. आणि ज्यांना फारच मऊ हवा, त्यांनी ड्रायरच्या जाळीत प्रत्येक खेपेला साठणारी लव एकदा हातात घेऊन पाहावी. ती आपल्याच टॉवेलची असते.

कुबट वासाचेही तसेच. त्यामागे मोराक्सेला ऑस्लोएन्सिस नावाचा जिवाणू असल्याचे जपानी संशोधकांनीच २०१२ मध्ये दाखवून दिले. कपडे फार वेळ ओलसर राहिले की त्याचे फावते. म्हणजे धुतलेले कपडे मशीनमध्ये विसरणारे आणि दोरीवर एकावर एक दाटीने टाकणारे लोक वास निर्माण करतात, आणि बदनाम होते दोरी. उलट उन्हात वाळलेल्या कपड्याला जो छान वास येतो, त्याचाही कोपनहेगनच्या रसायनशास्त्रज्ञांनी २०२० मध्ये अभ्यास केला. ओले टॉवेल उन्हात वाळवले तेव्हा त्यांवर अल्डिहाइड आणि कीटोन गटातली काही सुवासिक संयुगे तयार झालेली आढळली. आपल्या लेखात ड्रायरमध्ये टाकायच्या सुगंधी कागदांची मात्र सविस्तर शिफारस आहे.

मला खात्रीच आहे की लेखकाने स्वतः कधी कपडे वाळत घातलेले नाहीत. घातले असते तर 'दोरीवर टाकायला तासन्‌तास जातात' हे वाक्य लिहिलेच नसते. वेळ जातो तो वाळायला, आणि तेव्हा आपण तिथे उभे राहायचे नसते. काही गोष्टी ठाऊक असाव्या लागतात, एवढेच. शर्ट खांद्याला चिमटा लावून टांगला की खांद्यावर दोन शिंगे उगवतात. तो उलटा, खालच्या काठाला, बाजूच्या शिवणींपाशी धरायचा. जीन्सचे पाय केव्हाच वाळतात, ओल राहते ती कमरपट्ट्यात आणि खिशांच्या अस्तरात. म्हणून ती कमरेला चिमटे लावून, पट्टा उघडा ठेवून आणि खिसे बाहेर ओढून घालायची. दिसायला हास्यास्पद दिसते, पण वाळते. रंगीत कपडे उलटे करून, म्हणजे उडेल तो आतला रंग उडेल. लोकर दोरीवर लोंबवायचीच नाही, पाण्याच्या वजनाने ताणून लांब होते. ती टॉवेलवर पसरून आडवी वाळवायची. आणि दोन कपड्यांच्या मध्ये हात जाईल एवढी फट ठेवायची, कारण वारा फटीतून जातो, चिमट्यातून नाही. घरात वाळवणे भाग असेल तर खिडकी उघडी आणि पंखा स्टँडच्या दिशेने. आमच्या खोलीची खिडकी जिन्याकडे उघडते, म्हणून माझी ही रड.

पावसाची झड लागली असेल, घरात तान्हे मूल किंवा अंथरुणावरचे माणूस असेल, तर ड्रायरला कोणी नावे ठेवू नयेत. मीही ठेवत नाही. माझे भांडण दोरीला लाज आणण्याशी आहे. कॅनडातल्या ऑन्टारियो प्रांताने वीज वाचवण्यासाठी २००८ मध्ये दोऱ्यांवरच्या अशा बंद्या मोडीत काढल्या, हे मी सचिवांना सांगितले. त्यांनी त्याच संध्याकाळी शोधून काढले की ती मोकळीक उंच इमारतींसाठी नव्हती. माझ्या भिंतीसाठी त्यांनी एवढी तत्परता कधी दाखवली नव्हती. फ्लोरिडाच्या कायद्यातही कपड्यांच्या दोरीला मनाई करू नये असे आहे, हे आता मी त्यांना सांगणार नाही, आपल्या वाचकांना सांगतो.

आपल्या लेखाचे कात्रण फळ्यावर सूचनेच्या शेजारी लागले आहे, हेही कळवतो. त्यातली 'इमारतीची शोभा' लाल शाईने अधोरेखित केली आहे. तेव्हा हे पत्र छापाल तर कृपया त्याच पानावर, कात्रण काढता येईल असे छापा. मागच्या बाजूला निधनवार्ता नको.

जाता जाता आणखी एक. लेखाच्या समोरच्या पानावर ड्रायरची पानभर जाहिरात होती. तो योगायोग असेल, मी काही म्हणत नाही. पण त्या जागी मागच्या आठवड्याच्या शब्दकोड्याचे उत्तर यायला हवे होते. उभा शब्द क्रमांक १३ अजून अडलेला आहे. जाहिरातदारांची परवानगी असल्यास तेवढे उत्तर छापावे.

आपला,
एक जुना वर्गणीदार