देवघरातला झिरोचा बल्ब

पुणे, रविवार रात्र

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर विषय काढला की बाबा "बरं बरं, बघू" म्हणून फोन आईकडे देतात, आणि आई, तू लगेच जेवलीस का विचारतेस. म्हणून लिहायला बसले. शेवटपर्यंत वाचा आणि मगच काय रागवायचं ते रागवा.

आधी सांगून टाकते. घराचं वायरिंग बदलायचं ठरवलंय. ठरवलंय म्हणजे दापोलीच्या लायसन्सवाल्या वायरमनला ॲडव्हान्स देऊन झालाय. पाडव्यानंतरच्या सोमवारी दोन माणसं येतील, पाच-सहा दिवस काम चालेल. दादाशी बोलले, त्याने अर्धे पैसे पाठवलेसुद्धा. तुम्हाला न विचारता केलं हे आठ दिवस मनाला लागून राहिलंय. पण विचारलं असतं तर बाबा म्हणाले असते, एवढा पावसाळा जाऊ दे. असे किती पावसाळे गेले, बाबा.

खरं कारण वेगळंच आहे. टीव्ही जळला त्या रात्री मीच व्हिडिओ कॉलवर म्हटलं, "बाबा, जरा फ्यूज बघता का?" तुम्ही "बघतो" म्हणालात, फोन टेबलावर उपडा ठेवलात आणि मला नुसता काळा पडदा दिसत राहिला. तुम्ही स्टुलावर चढला होतात, बॅटरी दातात धरून, डोळ्याच्या ऑपरेशनला दोन महिनेही झाले नव्हते, हे आईच्या तोंडून शिमग्याला निसटलं. मी इथे पुण्यात सोफ्यावर बसून अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बापाला स्टुलावर चढवलं. त्या दिवसापासून रात्री डोळा लागत नाही.

शिमग्याला आले तेव्हा बॅगेत मल्टिमीटर होता, व्होल्टेज मोजायचं यंत्र. तुम्हाला वाटलं, पोरगी उगाच प्रत्येक प्लगात काड्या घालत फिरतेय. पण मला आईचं एक वाक्य तपासायचं होतं. आई, तू दिवाळीपासून सांगत होतीस, "वाटण लावलं की देवाचा दिवा मोठा होतो." बाबा म्हणायचे कोकणात व्होल्टेज असंच, दादा म्हणायचा आईला भास होतो, आणि मी? मी काहीच म्हटलं नाही. ऑनलाइन स्टॅबिलायझर मागवून पाठवला. एक जळला की दुसरा, दुसरा जळला की तिसरा. तुझं ऐकायला पाच मिनिटं बसले असते तर तिन्हीचे पैसे वाचले असते, टीव्हीही वाचला असता. आई, मला माफ कर. सगळ्या घरात दुखणं फक्त तुला दिसलं होतं.

कारण असं. वीज २३० व्होल्टच्या आसपास असावी. सकाळी काहीच चालू नव्हतं तेव्हा तिन्ही फेजवर आकडे ठीक होते. तू मिक्सर लावलास आणि स्वयंपाकघरात १८२ झाले, देवघरात २५९. त्यात पाहुण्यांच्या खोलीतला गीझरही लावला, तर देवघरात २८०. मी धावत जाऊन बंद केला. व्होल्टेज नुसतंच कमी असतं तर सगळ्या घरात कमी व्हायला हवं होतं. एका खोलीत उतरतं आणि त्याच क्षणी दुसरीत चढतं, याचा अर्थ न्यूट्रल सैल आहे.

बाबांना हे सांगायला नको, पण आई, तुला सांगते. पाहुण्यांच्या खोल्या काढल्या तेव्हा आपण थ्री फेज घेतलं. तीन तारांनी वीज येते आणि न्यूट्रलची एक तार तिघींना ताळ्यावर ठेवते. तिचा जोड नीट असेतो प्रत्येक खोलीला आपापले २३० मिळतात. जोड सैल झाला की खोल्या एकमेकींच्या वाट्यात ओढल्या जातात. दोन फेजमध्ये ४०० व्होल्ट असतात, त्यांची वाटणी होते, आणि ती उलटी होते. जिथे जड काम चालू तिथे कमी, जिथे एवढासा बल्ब लुकलुकतोय तिथे जास्त. ओटीवरच्या टीव्हीच्या वाट्याला असंच जास्त आलं. एलईडीचे दिवे बहुतेक हे लपवतात, त्यांचा उजेड फारसा हलत नाही. देवघरातला जुना तारेचा झिरोचा बल्ब मात्र लपवत नाही. तो तू कधी काढू दिला नाहीस, म्हणून कळलं.

स्टॅबिलायझरने हे बरं होत नाही. तो थोडं कमीजास्त सांभाळतो, पण २८०-३०० यायला लागले की त्याचाच जीव जातो. कौलं फुटलेली असताना आपण खाली बादल्या ठेवत होतो.

फ्रिजचंही तेच. पहाटे चारला मला जाग आली तेव्हा तो गूंऽऽ करायचा, मग टक्, मग चिडीचूप, पाच मिनिटांनी परत गूंऽऽ. पाहुण्यांनी गीझर लावलेला. कमी व्होल्टेजला कॉम्प्रेसरची मोटर उठत नाही, तापते, आणि आतलं ओव्हरलोडचं बटण तिला बंद करतं. आठवड्यात दोनदा दूध नासलं, तर तू म्हणालीस उन्हाळा लागला. दूध गेलं त्याचं काही नाही गं. दारातल्या कप्प्यात तुझं इन्सुलिन होतं. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत राहायला हवं. तुझी साखर मध्ये अशी का वर गेली म्हणून आपण तुझा भात कमी केला, आंबापोळी बंद केली. इन्सुलिनमुळेच गेली असं मी म्हणत नाही. पण तू आंबापोळीच्या डब्याकडे बघून झाकण परत लावलंस, ते माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

आता बाबा, जे लिहायला जड जातंय ते. सैल जोड आपल्याच मेन स्विचमध्ये होता, मीटरच्या पुढे. वायरमनने झाकण काढलं तर न्यूट्रलच्या पट्टीशी पिळलेली तार, वर काळी टेप, टेप वितळून चिकटलेली, आणि आतून पांढरी पूड. तो जोड तुम्ही केलेला आहे, निसर्ग वादळानंतरचा.

तुम्ही चूक केलीत असं मनात आणू नका. ३ जून २०२० ला वादळ आलं, वाडीतल्या पोफळी काडेपेटीतल्या काड्यांसारख्या आडव्या झाल्या, तीन आठवडे घरात अंधार होता. लॉकडाऊन होता, आम्ही दोघंही येऊ शकलो नाही. खांबावर वीज आली तेव्हा गावात एक वायरमन आणि त्याच्यामागे शंभर घरं. तुम्ही मिळाली ती ॲल्युमिनियमची तार घेतलीत, जुन्या तांब्याला पिळलीत आणि आईला उजेड दिलात. त्या दिवशी तुम्ही फोनवर म्हणालात, "लागला गो दिवा." मी इथे रडले होते, तुम्हाला सांगितलं नाही. पण तांबं आणि ॲल्युमिनियम नुसतं एकमेकांना पिळून टिकत नाही. खाऱ्या हवेत तर नाहीच. ॲल्युमिनियमवर पापुद्रा धरतो, जोड तापतो, निवतो, दर वेळी थोडा सैल होतो. त्याला बायमेटॅलिक लग, म्हणजे दोन धातूंच्या तारा जोडायचा खास तुकडा लागतो, तो त्या दिवसांत कुठून आणणार होतात? तिथे दुसऱ्या कुणाचा हात असता तरी हेच झालं असतं. एवढी वर्षं टिकला हेच खूप.

वायरमनने तो जोड तोडून लग लावून दिलाय. गीझर लावून पाहिला, तिन्हीकडे आकडे जागेवर राहिले. मग आता सगळं वायरिंग कशाला, हे तुम्ही विचारणारच. दोन कारणं. तुमच्या चिनी मातीच्या फ्यूजांत कुठे एकेरी तार आहे, कुठे तिपदरी. तिपदरी फ्यूज वितळत नाही, त्याच्याआधी भिंतीतली वायर वितळेल, आणि आपलं माळ्यापासून आढ्यापर्यंत सगळं लाकूड. दुसरं, आई फ्रिज उघडताना हाताला पदर गुंडाळते. तुम्ही पाहिलंय? तिला विचारलं तर म्हणाली, "मुंग्या येतात जरा, सवय झाली." बाबा, तिला फ्रिजचा शॉक खायची सवय झालीय! तुळशीमागच्या अर्थिंगला काही जीव उरलेला नाही. जांभ्याची जमीन, मे महिन्यात ठणठणीत कोरडी होते. तुम्ही बादली-बादली पाणी घालायचात तेव्हा चालायचं, आता तुम्हाला बादली उचलू देणार कोण?

तर नवीन अर्थिंग विहिरीच्या अंगाला घेऊ, ओल असते तिथे. मेनला आरसीसीबी येईल, ३० मिलिअँपियरचा. कुणाला शॉक लागतोय असं वाटलं की तो डोळ्याचं पातं लवायच्या आत वीज तोडतो. शिवाय व्होल्टेज फार चढलं-उतरलं तर घर आपोआप तोडणारं एक यंत्र, कारण उद्या ट्रान्सफॉर्मरवरचा न्यूट्रल गेला तर आपला जोड कितीही चांगला असून उपयोग नाही.

तुमची गैरसोय होणार नाही असं बघितलंय. एका दिवशी एकच भाग उघडायचा, रात्री सगळं जोडून द्यायचं, असं ठरवलंय. बाबांच्या खाटेजवळचं बटण होतं तिथेच राहील, फक्त वीतभर खाली घेतलंय, उठावं लागू नये म्हणून. माजघरातून न्हाणीघराकडे जाताना पायरीपाशी रात्रभर जळणारा छोटा दिवा. आई, तुझ्या ओट्यावर मिक्सरला वेगळा प्लग, म्हणजे ती वायर चुलीवरून ओढायला नको. धूळ होईल, त्याला इलाज नाही. पिठाचे डबे आणि देव तेवढे आधी झाकून घे. माणसांच्या जेवणाचं समोरच्या काकूंना सांगितलंय, तू दहा माणसांचं रांधायला बसू नकोस.

बाबा, मी आठ-नऊ वर्षांची असेन. फ्यूज गेला की तुम्ही मलाच हाक मारायचात, दादाला नाही. मी खुर्चीवर उभी, दोन्ही हातांनी बॅटरी धरून, आणि तुम्ही तार पिळत म्हणायचात, "ठमे, उजेड हलवू नकोस." माझे हात भरून यायचे, पण मी हलवायची नाही. दिवे आले की सगळी आळी ओरडायची आणि मला वाटायचं ते आपणच आणले. मल्टिमीटर धरताना परवा माझा हात तसाच स्थिर होता. तो तुमच्याकडून आलाय.

आता सोमवारपर्यंत काय करायचं ते नीट ऐका. नाही, लिहून भिंतीवर लावा.

मेन बोर्डाला बाबांनी हात लावायचा नाही. स्टूल मी माळ्यावर टाकायला सांगितलंय. झिरोचा बल्ब परत मोठा झाला तर आईने आधी गीझर, मिक्सर बंद करावा, मग चप्पल घालून, कोरड्या हाताने मेन खाली ओढावा. मग समोर विचारा, त्यांच्याकडेही तसंच होतंय का. सगळ्या आळीत होत असेल तर गडबड खांबावर किंवा ट्रान्सफॉर्मरवर, १९१२ ला फोन करा आणि तक्रारीचा नंबर लिहून घ्या. फक्त आपल्याकडे असेल तर मला फोन, रात्री दोनला असला तरी.

वीज गेली की टीव्ही, फ्रिजचे प्लग काढा, आली की फ्रिज पाच मिनिटं थांबून लावा. कॉम्प्रेसर लगेच लावला तर दमतो. न उघडलेली इन्सुलिनची पेनं काकूंच्या फ्रिजमध्ये आहेत, बर्फाच्या कप्प्यात ठेवू नका म्हणावं, गोठलेलं इन्सुलिन फुकट जातं. चालू पेन तुझ्याजवळ, खिडकीत नको, माठाच्या बाजूला सावलीत ठेव. इन्व्हर्टरच्या बॅटरीत बाबांनी विहिरीचं पाणी घालायचं नाही. दोन बाटल्या डिस्टिल्ड वॉटर जिन्याखाली ठेवून आलेय.

आणि पावसात आरसीसीबी पडला, म्हणजे त्याने वीज तोडली, तर कुणी गाववाला "काढून टाका, कटकट आहे" म्हणेल. त्याला चहा द्या, पण ते काढू देऊ नका. पडला म्हणजे कुठेतरी ओल आहे, तेच तो सांगतोय. त्यावर "टी" लिहिलेलं बटण असेल, ते दर महिन्याला, संकष्टीला म्हणा हवं तर, एकदा दाबायचं. वीज गेली पाहिजे. नाही गेली तर मला कळवायचं.

बाबा, तुमचा सागवानी बोर्ड फेकणार नाही. वायरमनला बजावलंय, चौकटीसकट उतरवायचा, ओटीवर लावायचा. त्यावर तुमच्या हातचं पांढऱ्या रंगातलं "ओटी", "माजघर", "देवघर", "आईची खोली" आहे. आजी जाऊन किती वर्षं झाली, तरी त्या खोलीचा फ्यूज तिच्याच नावाचा.

नवीन पेटीवर वायरमन नावं छापून चिकटवतो म्हणाला. मी नको म्हटलं. ती तुम्ही लिहायची. खुर्चीवर बसून, चष्मा लावून, दिवसा. जाड काळं पेन पार्सलमध्ये घातलंय. आजीच्या खोलीला काय लिहायचं ते तुमचं तुम्ही ठरवा.

तुमची,
ठमी

ता. क. आई, वायरमन देवघरात एलईडी लावतो म्हणेल. लावू देऊ नकोस. आणि आंबापोळीचा एक तुकडा, एवढासाच, खा. डॉक्टरांना विचारलंय मी.