12 गोण्यांचा हिशेब शिकवणाऱ्या बाईंना

प्रिय बाई,

सप्रेम सलाम.

तुमचे आभार मानायला लागलं की तुम्ही "प्रभूचे मान" म्हणून विषय संपवता. म्हणून हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय. दादाला विचारलंय. तो म्हणाला, "लिही, पण खरं लिही."

खरं असं की 2019 च्या उन्हाळ्यात मी पाणी चोरलं. आपल्या नगर जिल्ह्यात आदल्या साली पावसाने दगा दिलेला, विहिरीत जेमतेम परसभर पाणी. दादाची आणि माझी चार-चार दिवसांची पाळी. कांदा पोसायच्या ऐन वेळी, दादाच्या पाळीत, रात्रीच्या लाईटीला मी मोटार माझ्या वाफ्यांकडे वळवली. पहाटे विहीर तळाला गेलेली पाहून त्याने विचारलं. त्याच्या डोळ्यांत बघून मी नाही म्हणालो. त्याच्या अर्ध्या एकरातला कांदा गोटीएवढाच राहिला. 10 गोण्यांचं तरी नुकसान झालं. तेव्हापासून दादा बोलेना.

जानेवारी 2020 च्या पहिल्या रविवारी आपल्या ख्रिस्ती देवळात प्रभुभोजन होतं, भाकर आणि द्राक्षरस घेण्याचा विधी. आदल्या संध्याकाळी मी तुमच्या ओट्यावर आलो तो तक्रार घेऊन. दादा देवळात गायनं म्हणतो आणि सख्ख्या भावाशी बोलत नाही, त्याला समजवा. तुम्ही तांदूळ निवडत होता. सूप बाजूला सारलंत, चष्मा लावलात, बायबलातला मत्तयाचा पाचवा अध्याय काढून माझ्या हातात दिलात आणि तेविसावं-चोविसावं वचन वाचायला लावलंत. अर्पण घेऊन वेदीपाशी गेलास आणि भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असं तिथे आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर.

"कोणाच्या मनात कोणाविरुद्ध?" तुम्ही विचारलंत.

मी पुन्हा वाचलं. तुमच्याच रविवारच्या शब्बाथशाळेत पाठ केलेलं वचन, आणि इतकी वर्षं मी ते उलटं धरून बसलो होतो. आपल्या मनात भावाविषयी काय आहे, हे तिथे विचारलेलंच नाही. मग तुम्ही म्हणालात, प्रभू हे बोलला गालीलात, वेदी होती यरुशलेमेत. घरी जाऊन समेट करून परत यायचं म्हणजे जाता-येता कित्येक दिवसांची पायपीट, आणि तोवर अर्पण वेदीपुढेच. तुला तर एक बांध ओलांडायचाय.

तेव्हा मी पहिल्यांदा कबूल झालो. वाटलं, आता प्रार्थना करू, रडू, सकाळी दादाचे पाय धरू. तुम्ही प्रार्थना केलीत, पण नंतर बायबलातल्याच गणना पुस्तकाचा पाचवा अध्याय काढलात. ज्याचा अपराध केला त्याला पुरतं भरून द्यायचं आणि वर पाचवा हिस्सा. मी म्हणालो, "बाई, हे जुन्या करारातलं. आपल्याला तर क्षमा फुकट आहे ना?"

"क्षमा फुकटच आहे, रे. कांदा दादाचा आहे."

आपल्या मंडळ्यांत पापक्षमेवर पुष्कळ उपदेश होतात. भरपाईवर मी क्वचितच ऐकला. प्रभूला बघायला झाडावर चढलेल्या जकातदार जक्कयाची गोष्ट पोरांना झाडाचं चित्र काढून सांगतात आणि त्याने लुबाडलेलं चौपट परत करायचं कबूल केलं, ते घाईत उरकतात. तुम्ही घाई केली नाहीत. मी काढणीच्या वेळचा पडलेला भाव धरून हिशेब मांडला, तर म्हणालात, "दादाने कांदा कधी विकला?" दादाने कांदाचाळीत साठवून दिवाळीनंतर विकला होता, पन्नास रुपये किलोने. म्हणजे पन्नास किलोच्या 10 गोण्यांचे 25,000, पाचवा हिस्सा 5,000. बारा गोण्यांचे पैसे झाले.

त्या रविवारी भाकरीचं ताट फिरलं तेव्हा मी हात पुढे केला नाही. सगळ्यांनी पाहिलं. तुम्ही पुढच्या बाकावरून उठून माझ्या शेजारी येऊन बसलात, काही बोलला नाहीत. बाई, ते मी विसरणार नाही.

कालवड विकून तीन आठवड्यांनी पैसे घेऊन गेलो. जे केलं ते तोंडाने सांगितलं, वहिनीसमोर. दादाने नोटा मोजल्या. "पाच हजार जास्त आहेत."

"शास्त्रात तसं आहे."

त्याने पैसे ठेवून घेतले. बस म्हणाला नाही, चहाचं विचारलं नाही. पुढेही कितीतरी महिने बोलला नाही आणि मी तुमच्याकडे कुरकुर घेऊन आलो की तुम्ही एवढंच विचारायचात, "पाळी पाळतोस ना?" पाळत होतो. पहिल्या पावसात बांध फुटला तेव्हा तो खोरं घेऊन आला आणि म्हणाला, "तिकडून धर."

पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबल मराठीत आणलं ते खेड्यातल्या साध्या बायाबापड्यांना कळावं म्हणून, हे तुम्हीच आम्हाला सांगितलंत. तुम्ही ते आमच्या विहिरीपर्यंत आणलंत.

परवा रात्री अकराला लाईट आली. दादाच्या थोरल्याचा फोन आला. "काका, आमचं भरणं झालं. तुम्ही उठू नका, मोटार मी वळवतो."

पुण्याला तुमच्या लेकीच्या पत्त्यावर कांद्याची एक गोणी पाठवतोय. निम्मा दादाच्या वाफ्यांतला, निम्मा माझ्या. नाही म्हणू नका.

तुमच्या शब्बाथशाळेतला,
धाकटा